मागचं फाटक

काल नुंगंबाक्कमच्या घरी कपाट बसवायला आलेल्या सुताराने टेप ओढली आणि म्हणाला, "अय्या, हे टोक जरा धरा." टोक बोटांत आलं आणि मी आवडी नावाच्या उपनगरातल्या त्या शाळेच्या रस्त्यावर जाऊन पोचलो.

तेव्हा मी दारूच्या परवान्यांच्या कचेरीत कारकून होतो. शाळेच्या फाटकापासून दुकान किती लांब हवं, याचा नियम होता. पुढच्या फाटकापासून त्या रस्त्यावरचं नवं दुकान नियमात बसत होतं, मागच्यापासून नाही. साहेबांनी बजावलं होतं, "राव, पुढूनच मोजा."

मी टेप घेऊन मोजायला गेलो, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका बाई उन्हात माझ्या मागोमाग चालत होत्या. "सार, मुली मागच्या फाटकातून येतात. बसस्टॉप तिकडे आहे."

"फाटकाला कुलूप आहे, अम्मा."

"आज रविवार आहे, सार!"

बरोबरचा शिपाई हसला. मीही हसलो. फाटकापुढची माती रोजच्या पावलांनी घोटून गुळगुळीत झाली होती, तिच्यावर वेणीतून गळलेली अबोलीची फुलं सुकत होती. ती पाहूनही मी अहवालात लिहिलं, 'मागचं फाटक वापरात नाही.'

दुकान सुरू झालं. सही साहेबांची होती, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. आज मला स्वच्छ दिसतं की नियम चांगला होता, त्या मुलींसाठीच केलेला होता. साहेबांनी नुसती सही केली. वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं.

बाई, फाटक वापरात होतं.