दोन तोट्या, दोन बुचं

भूमजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी दुधाची फॅट तपासायचे. माझं काम टेबलापाशी, पण नको तिथं नाक खुपसायची सवय जुनी. पाइपावरच्या दोन स्टीलच्या तोट्यांनी मला भंडावून सोडलं होतं. कागदावर त्यांचं नाव प्लग व्हॉल्व्ह. घरची तोटी चार वेढे फिरवावी लागते, ह्या मात्र पाव वळणात दूध थांबवायच्या. कशा?

यंत्रं सांभाळणाऱ्या मामांनी एकदा नट सोडून दाखवलं. आत फक्त एक निमुळतं स्टीलचं बूच, त्याला आरपार भोक. भोक पाइपाच्या रेषेत आलं की दूध वाहतं. आडवं झालं की बुचाची भरीव बाजू वाट अडवते.

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर धुवायला लई सोपं. साखर कारखान्यात असतंय, गॅसच्या पाइपावर असतंय. तुमच्या शेगडीच्या बटणाखालीबी हेच की."

घरी जाऊन मी बटण उपटून पाहिलंच. खाली खरंच पितळेची इवलीशी तोटी होती! सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

पुढं एका संध्याकाळी मामांनी दोन्ही बुचं धुवायला काढून ठेवली आणि जावयाला एसटीत बसवून द्यायला गेले. बसवायचं काम ते सकाळी करणार होते. मला कुठला धीर! मी ती घासून चकचकीत केली, बसवली आणि खुशीत घरी गेले.

सकाळी मामा यायच्या आधीच दूध सुरू झालं. एक तोटी गळत होती, दुसरी हलेना. फरशीवर दूधच दूध. तेवढ्यात मामा आले. मॅनेजर त्यांच्यावर घसरले, "मामा, तुम्हाला आता दिसत नाही. उद्यापासून घरी बसा."

"म्या बसवलंच न्हाय, साहेब."

"मग काय भुतानं बसवलं?"

भूत टेबलापाशी उभं होतं.

मामांनी तोट्या खोलल्या. एका बुचावर एक ठिपका कोरलेला, पण ते बसलं होतं त्या तोटीच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या खोळीवर, दोन. प्रत्येक बूच आपापल्या घरात घासून घासून बसवलेलं असतं, म्हणून दुसऱ्याच्या घरात ते चालत नाही. मला दोन्ही सारखीच वाटली होती.

"अदलाबदल झालीय," मामा म्हणाले. कुणाकडंही न बघता.

तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "साहेब, मी बसवली."

साहेबांनी मला चार शब्द सुनावले आणि ते निघून गेले. मामांना घरी बसवायचा विषय तिथंच संपला. त्यांनी बुचं जागच्या जागी बसवली. दूध सुरू झालं, एक थेंब गळला नाही. मला फार लाज वाटत होती. मी म्हणाले, "मामा, चुकलं माझं."

"चुकलं त्याचं काय न्हाय ताई. हात लावल्याबिगर कुणाला कळतंय?" हात पुसत ते म्हणाले. "पर साहेब मला घरी बसा म्हणत हुते, तवा तुमी हितंच हुता न्हवं?"

"होते," मी म्हणाले.