बाळकुमलाच राहायचं

कल्याणजवळच्या मोहने गावातली खोली सोडायची हे आईनं ठरवलं, मी नाही. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, काही वर्षांनी वडीलही गेले, आणि आम्ही दोघी तिथंच राहिलो. मी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ लग्न करून डोंबिवलीला राहायला गेला. माझी नोकरी ठाण्याच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्यामुळे दिवसभर आई घरात एकटी, आणि तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

"ठाण्याला घर बघ," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. मनात आलं की मला एकटीला मोहन्याला येता आलं पाहिजे. तुझ्या सुट्टीची वाट बघत बसणार नाही मी."

रेल्वेच्या पुलाचे जिने तिला जमणारे नव्हते. पण ठाण्याहून भिवंडीमार्गे कल्याणपर्यंत मेट्रोचे खांब उभे राहत होते. मेट्रोच्या स्टेशनला लिफ्ट असणार, बसायला जागा असणार, आणि कल्याणला उतरून रिक्षा केली की मोहने. "मग त्या खांबांच्या कडेनंच बघू," आई म्हणाली. मेट्रो सुरू कधी होणार, हे मी विचारलं, तर म्हणाली, "कारखाना बंद पडताना बघितलाय मी. एखादी गोष्ट चालू होताना पण बघू दे की."

मग रविवारी आम्ही बसनं निघायचो. खिडकीशी आई, मांडीवर पाण्याची बाटली. खांब दिसत जायचे आणि जिथं स्टेशनचा सांगाडा दिसेल तिथं उतरायचं, हा तिचा नियम. कोनगावला तिला मोकळी हवा आवडली, पण संध्याकाळी भाजीला कुठं जायचं ते कुणाला नीट सांगता येईना. भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकून ती रस्त्यातच थांबली. "मशिनचा आवाज असला की गावात काम आहे म्हणायचं," म्हणाली. मात्र ज्या इमारतीत घर बघितलं तिथल्या बायकांनी पाण्याचे हाल सांगितले आणि आम्ही मागे फिरलो. काल्हेरला नुसती गोदामं. कंटेनर वळताना आम्हाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. काशेलीला खाडीचं पाणी दिसायचं, पण खाली रस्ता ओलांडायला कुणीतरी हात धरायला हवा होता.

भावाचं म्हणणं वेगळंच होतं. त्याच्या मते आम्ही कल्याणलाच, त्याच्या ओळखीच्या एका कॉम्प्लेक्समध्ये जावं. "तिकडे सगळी आपलीच माणसं आहेत," तो म्हणायचा. आई त्याला काही बोलायची नाही. तो बँकेत आहे, हुशार आहे, आणि आपण कोण हे कुणाला लगेच कळू न देण्याची त्याला सवय लागली आहे. तशी सवय का लागते, हे मला ठाऊक आहे, म्हणून मीही त्याला कधी टोकलं नाही.

बाळकुमचं घर आम्हाला एका एजंटनं दाखवलं. तिसरा मजला, लिफ्ट, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली जुन्या गावाची गल्ली. घरमालकीण नाशिकला लेकीकडे चाललेल्या, नवरा वारलेला. आई खिडकीत उभी राहिली. खाली नाक्याच्या वळणावर कोळणी पाट्या मांडून बसल्या होत्या. आई इतका वेळ तिथून हलली नाही, की मालकीणबाईंनी तिला खुर्ची आणून दिली.

"हेच," आई म्हणाली.

एजंट जिन्यात माझ्या मागे आला. "ताई, घर चांगलंच आहे. फक्त सोसायटी जरा तशी आहे."

"तशी म्हणजे?"

"म्हणजे... कमिटी भेटते आधी. एक ओळख म्हणून. तुम्ही टेन्शन घेऊ नका, नुसतं नावापुरतं."

ओळख तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात झाली. टेबलामागे सेक्रेटरी, एक निवृत्त गृहस्थ आणि चौथ्या मजल्यावरच्या एक बाई. आम्हाला चहा दिला. मिस्टर काय करतात, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, लग्न केलेलं नाही. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि कपाकडे बघायला लागल्या. सेक्रेटरींनी आडनाव पुन्हा विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात कुठल्या आळीत घर, ते विचारलं. हा शेवटचा प्रश्न आला की पुढचं सगळं मला कळतं.

"नाही म्हणजे, आमच्याकडे बघा, सगळे एकसारखे लोक आहेत," ते गोड आवाजात म्हणाले. "सगळ्यांना मोकळं वाटलं पाहिजे, इतकंच. नॉनव्हेजचं कसं आहे तुमच्यात?"

मी उत्तर जुळवत होते. आईनं कप बशीत ठेवला.

"आम्ही बौद्ध," ती म्हणाली. "मासे खातो, मटण खातो, आवडीनं खातो. अजून काही विचारायचं असलं तर आत्ताच विचारा साहेब. माझे गुडघे दुखतात, मी पुन्हा पुन्हा येणार नाही."

सेक्रेटरींनी समोरचं रजिस्टर मिटलं. निवृत्त गृहस्थ तेवढे म्हणाले, "छे छे, आजी, तसं काही नाही."

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. कमिटी ना हरकत दाखला देणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "ताई, कारण ते सांगत नसतात. मी तुम्हाला कोनगावला एक नंबर घर दाखवतो."

त्या संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आलेला. ऐकून तो चिडला नाही, दमल्यासारखा बसला. "मी सांगत होतो ना," तो म्हणाला. "जिथं नको आहोत तिथं कशाला जायचं? रोज लिफ्टमध्ये त्यांचीच तोंडं बघायची. आई, ह्या वयात कशाला हा ताप?"

"नको म्हणणारे किती जण? तिघं," आई म्हणाली. "आणि घर कुणाचं? त्या बाईचं. ती नको म्हणाली का?"

"अगं, पण राहायचं तिघांतच आहे ना."

"मी आख्खा जन्म आपल्यांत काढला. वाईट काढला नाही. पण तेव्हा दुसरीकडं जाता येत नव्हतं म्हणून काढला. आता माझी पोरगी स्वतःच्या पगारावर घर घेतीय, आणि ते कुठं घ्यायचं हे तो सेक्रेटरी ठरवणार?" मग ती माझ्याकडे वळली. "तुला ते घर नको असंल तर तसं सांग. त्यांना नको म्हणून नको म्हणू नको."

मला ते घर हवं होतं. बोलेपर्यंत मला स्वतःलाच माहीत नव्हतं, किती हवं होतं ते.

मी रजा टाकली आणि सोसायट्यांचं काम बघणाऱ्या उपनिबंधकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कागदातून डोकं वर न काढता सांगितलं की घर विकायला सोसायटीच्या परवानगीची गरज नसते, आणि सभासद करून घ्यायला नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. "लेखी मागा," त्या म्हणाल्या. "बोलायला सगळे शूर असतात."

राहिल्या मालकीणबाई. त्यांच्यावर दबाव आला असणार, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. आम्ही गेलो तर पोहे केलेले.

"काल सेक्रेटरी येऊन गेले," त्या म्हणाल्या. "दुसरं गिऱ्हाईक आणतो म्हणत होते. माझे मिस्टर गेले त्या वर्षी माझा सख्खा भाऊ माझ्या सोबतीला येऊन राहिला होता. तर ह्याच लोकांनी विचारलं, हे गृहस्थ कोण आणि किती दिवस राहणार. मी तेव्हा गप्प बसले. रात्र रात्र रडले, पण गप्प बसले." त्यांनी आईच्या ताटलीत पुन्हा पोहे वाढले. "हे घर मी तुम्हालाच देणार."

व्यवहार झाला. सेक्रेटरींनी माझा सभासद होण्याचा अर्ज टेबलावर पाडून ठेवला. मी दर आठवड्याला ऑफिसात जाऊन एकच वाक्य म्हणायचे, "नाही म्हणायचं तर लेखी द्या." आधी ते हसले, मग रागावले, मग मला बघून फोनवर बोलायला लागले. लेखी त्यांनी काही दिलं नाही. नकार कळवायची मुदत उलटली आणि शेवटी सोसायटीच्या दप्तरात माझं नाव चढलं.

सामान आणलं त्या सकाळी वॉचमन म्हणाला, लिफ्ट बंद आहे. आदल्या मिनिटाला त्याच लिफ्टमधून शाळेची मुलं उतरलेली आम्ही बघितली होती. तो बिचारा खाली बघत होता, त्याला सांगितलेलं तो बोलत होता. टेम्पोसोबत मोहन्याहून मावश्या आणि मामेभाऊ आलेले. मामेभाऊ बाह्या सरसावून निघाला, त्याला आईनं मागे ओढलं.

"भांडू नका," ती म्हणाली. "माझी खुर्ची काढा."

खुर्ची लिफ्टच्या दारासमोर मांडली. आई बसली. "चालू झाली की जाऊ वर. मला काय घाई आहे?" मावश्यांनी सतरंजी अंथरली. कपाट, गॅस, गाद्या, बुद्धाची मूर्ती, निळ्या कोटातला मोठा फोटो, सगळं लॉबीत उतरलं. येणारे जाणारे वळसा घालून जायला लागले. आईनं फोन काढला आणि एकेका नातेवाइकाला लावला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मोठ्यानं बोलते. त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं बोलली. "जय भीम! हां, पोचलो. बाळकुम. नवीन घर. लिफ्टची वाट बघतोय!" प्रत्येक फोनला जय भीमनं सुरुवात आणि जय भीमनं शेवट, आणि लॉबी अशी की आवाज वरपर्यंत घुमायचा.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मावशीनं डबे उघडले. सुकं मटण आणि भाकरी. आम्ही सगळे तिथंच पंगत करून जेवलो. मला आधी लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मग मामेभावानं कांदा बुक्कीनं फोडला, आई खळखळून हसली, आणि माझी लाज कुठल्या कुठे गेली. वॉचमनलाही वाढलं. तो कोपऱ्यात उभ्यानं जेवला.

हात धुवून होतात न होतात तोच लिफ्ट सुरू झाली. कुणी दुरुस्त करायला आलेलं आम्ही पाहिलं नाही.

आता इथं राहून वर्ष उलटलं. सगळे गोड झाले असं काही घडलेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई मी लिफ्टमध्ये असले की पुढच्या फेरीला येतात. सेक्रेटरी चारचौघांत नमस्कार करतात, एकटे भेटले की मोबाइल बघतात. शेजारच्या घरातली सून मात्र आईकडून बोंबलाची चटणी शिकून गेली, सासू देवळात गेलेली असताना. एप्रिलात जयंतीला आम्ही गॅलरीत निळी रोषणाई केली, तर खाली फळ्यावर सूचना लागली, सणावाराखेरीज रोषणाई करू नये. आईनं ती मला मोठ्यानं वाचायला लावली आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय. हा सणच आहे." दिवे महिनाभर राहिले.

मेट्रो अजून सुरू झालेली नाही. आई कधी कधी काठी टेकत स्टेशनखाली जाते आणि हेल्मेट घातलेल्या इंजिनियरला विचारते, लिफ्ट बसवली का. तोवर ती रिक्षा नि बस बदलत मोहन्याला जाते, एकटी. मी नको म्हटलं तरी जाते. भाऊ आला की म्हणतो, कल्याणला असतीस तर इतकी वणवण झाली नसती. आई म्हणते, "वणवण माझी, पाय माझे."

लोक विचारतात, तिथल्या माणसांच्या मनात घर केलं का तुम्ही? नाही केलं. आम्ही बाळकुमला घर केलं. तेवढ्यासाठीच आलो होतो.

गेल्या महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. मी कामावरून पोचले तर आई आधीच खाली. आमच्या इमारतीच्या दारात चार पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही, हा विषय तिला मांडायचा होता. रंगकामावर चर्चा चालू असताना ती मध्येच उभी राहिली.

"आजी, बसा ना तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले.

"बसतीय की," आई म्हणाली. "कठड्याचं लिहून घ्या, मग बसते."

मागे कुणीतरी हसलं. निवृत्त गृहस्थांनी घसा साफ केला आणि म्हणाले, कठडा हवाच आहे, मलाही त्रास होतो. सेक्रेटरींनी पेन उचलेपर्यंत आई काठीवर भार देऊन तशीच उभी होती.