बंदुकीची खोळ

पोळ्याला वेशीत पहिला बार काढायचा मान आश्रुबाच्या घराण्याचा. बार झाला की मानाची जोडी तोरण तोडायची. निजामाच्या काळापासून हेच चालत आलेलं. बंदूक आजोबांची, ठासणीची. पोळ्याला तिच्यात नुसती दारू भरायची, छर्रा नाही.

गेल्या साली दुष्काळात बैल चारा छावणीत होते. पोळाच भरला नाही. त्याच्या आदल्या वर्षी बंदूक उडाली नव्हती. यंदा पाऊस बरा झाला, आणि सोसायटीचे चेअरमन भगवानराव पारावर म्हणाले, "आश्रुबा, सोसायटीनं भोंगा आणलाय. तुमची न्हाई वाजली तर आमी भोंगा वाजवू. इथून पुढं तोच. कशाला जिवाला तरास?"

"वाजंल."

"म्हातारी हाय ती."

"तुमचा भोंगा लई तरणा. त्याला आजोबा हाय का?"

लोक हसले. आश्रुबाही हसला. पण मान एकदा गेला की परत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं मुंजाजी लोहाराला घरी बोलावलं. बंदुकीचं लोखंड मुंजाजीला दिसेचना. दसऱ्यामागून दसरे आश्रुबाच्या बायकोनं, सत्यभामानं, तिला तेल-शेंदूर लावला होता. हात सढळ. घोडा शेंदरात रुतला होता. बार पेटवणारी टोपी बसते तिथलं बारीक भोक बुजलं होतं.

"गंज न्हाई," मुंजाजी म्हणाला. "वहिनीच्या भक्तीनं मारलंय हिला."

त्यानं कानस काढली. सत्यभामा चुलीपासून उठून आली.

"देवाला कानस लावतोस व्हय रं?"

"मग वाजायची कशी?"

"नगं वाजू दे. घरात इडापिडा नगं."

मुंजाजी चहा पिऊन गेला.  आश्रुबा जेवताना भाकरीकडे बघायचा, बायकोकडे नाही. शेवटी तीच बोलली.

"म्हसोबानं मागं शेंदराची खोळ टाकली, तवा गावानं नारळ फोडला ना?"

"फोडला."

"मग हिलाबी टाकू द्या. खरवडायचं न्हाई. आपणहून गळू द्यायचं."

तिनं बंदूक उन्हात ठेवली. वर कोमट तेल सोडलं. वाळवणासारखी ती पालथी-उताणी करत राहिली. एका दुपारी खोळ सुटली. डाळिंबाच्या सालीसारखी, घोड्याच्या आकारासकट. सत्यभामानं नारळ फोडला. बिंदुसरा नदीच्या घोटाभर पाण्यात खोळ सोडून आली. मग मुंजाजीला निरोप धाडला, "आता ये. आता ती नुसती बंदूक हाय."

मुंजाजीनं स्प्रिंग बदलली, भोक मोकळं केलं, नळी धुतली.

पोळ्याला वेशीत बैल उभे. आश्रुबानं नळी आभाळाकडे धरली. घोडा पडला. टिच. बास, एवढंच.

वेशीजवळच्या पारावर भगवानरावांनी भोंग्याच्या पेटीला हात घातला.

"थांबा की," मुंजाजी म्हणाला. "टोपी दमट हाय."

आश्रुबानं नळी खाली येऊ दिली नाही. मुंजाजीनं कोरडी टोपी बसवली. घोडा पुन्हा पडला.

बार असा झाला की वेशीवरची कबुतरं उडाली. छावणीच्या शांततेत वर्ष काढलेले बैल बिथरले. मानाची जोडी तोरणाखालून न जाता वेशीलगतच्या शेतात, गहिनीनाथाच्या ज्वारीत शिरली. मागून बाकीचे. सगळा गाव बैलांमागं पळाला. भगवानरावही, धोतराचा सोगा धरून. भोंग्याची पेटी पारावर बंदच राहिली.

आश्रुबाचं कौतुक करायला कुणी उरलंच नव्हतं. एकटी सत्यभामा होती.

"झालं का समाधान?" तिनं विचारलं.

त्याच्या कानात दडे बसले होते. त्याला काही ऐकू आलं नाही. तो नुसताच मान हलवत, हसत उभा राहिला.