काळाचौकीची न हलणारी गाडी

मुंबईहून परत आलो की वाडीतली माणसं विचारतात, काय काय बघितलंस. या खेपेला मी मुख्य म्हणजे एक मोटार बघितली, आणि तीही उभी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहिण्यात चुका असतील. राग मात्र बरोबर आहे.

गेलो होतो भाचीच्या लग्नाला. माझी धाकटी बहीण शालन काळाचौकीला चाळीत राहते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा प्रशांत शिवडीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला, आणि मुलगी स्नेहल, तिचंच लग्न. आपल्याकडे नवरीला हाताला धरून मांडवात आणतो तो मामा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामा. वडील नाहीत म्हणताना पोरीने मला फोनवर बजावलं होतं, "मामा, तू नसलास तर माझ्या मागे कोण उभा राहणार?" मी म्हटलं, पाय मोडला तरी येतो. एवढ्यासाठी मी घरचे नारळ आणि तांदळाचं पीठ पिशवीत भरून रात्रीच्या बसमध्ये बसलो.

सकाळी लालबागला उतरलो तेव्हा थंडी होती. आपल्याकडे मार्गशीर्षात दव पडतं, आपण काट्याकुट्या पेटवून शेकत बसतो आणि कामाला लागतो. मुंबईवाल्यांना एवढंसं हीव (थंडी) भरलं की कानटोप्या काय, मफलर काय, जसे हे हिमालयात निघालेत. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी पुलाच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसल्यासारखं झालं. नाक्यावर कटिंग (अर्धा कप चहा) घेतला. चहावाला म्हणाला, काका, अशी थंडी इकडे पडत नाही, तुम्ही गावाहून आणलीत वाटतं. मी म्हटलं, नारळ आणलेत, थंडी तुमची तुम्ही ठेवा.

चाळीपाशी प्रशांत खाली उतरून आला, पाया पडला आणि आधी मला गाडी दाखवायला घेऊन गेला. चाळीच्या भिंतीला लागून राखाडी कापडाखाली ती उभी होती. कापडावर पिंपळाची पानं कुजलेली, वर मांजर झोपलेलं, पुढे-मागे दोन दगड. म्हटलं, बाहेर कधी काढली होतीस? तर म्हणे गणपतीला गावी आलो तेव्हा. त्यानंतर नाही. का? तर काढली की जागा जाते. मुंबईत आता गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे खोली मिळण्यासारखं झालंय. एकदा हलवली की दुसरा येऊन लावतो, आणि मग रात्रभर फिरत बसा. म्हणून प्रशांत कामाला बसने जातो, बाजाराला टॅक्सीने जातो, आणि गाडी जागा राखत उभी. हप्ते मात्र तो भरतो. मला हे ऐकूनच डोक्यात गेलं. आपण बैल घेतला आणि गोठा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून तो कधी जुंपलाच नाही, तर लोक काय म्हणतील?

"मामा, तुला नाय कळायचं. त्या शेट्येचा डोळा आहे ह्या जागेवर," प्रशांत म्हणाला.

शेट्ये म्हणजे त्याच मजल्यावरचा शेजारी. त्याच्याकडेही गाडी आहे, जागा नाही. रोज संध्याकाळी तो बिचारा घिरट्या घालतो. एका जागेपायी या दोन घरांचं बोलणं बंद. शेट्ये आपल्याच बाजूच्या गावचा, त्याची आई आणि शालन एका नळावर पाणी भरायच्या. तरी लग्नाची पत्रिका त्याच्या दारात सरकवून प्रशांत मागे फिरला, हाक मारली नाही.

संध्याकाळी हळद झाली. शालनने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या होत्या. माझ्या नारळाचं वाटप (वाटलेलं खोबरं) होतं, म्हणून चव होती. तेवढं एक पोटभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त, कार्यालय दादरला. प्रशांतने आदल्या दिवशीच गाडी धुऊन झेंडूच्या माळा बांधलेल्या. नवरी आपल्या स्वतःच्या गाडीतून येणार, असं त्याने मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं. स्नेहल शालू नेसून, मुंडावळ्या बांधून मागे बसली. शालन तिच्या बाजूला. पुढे माझी जागा. मी नवं धोतर, कोट, डोक्याला फेटा. प्रशांतने चावी फिरवली. गाडी नुसती कुरकुरली, म्हाताऱ्या माणसाला उठवावं तशी, आणि गप्प झाली. परत फिरवली. या वेळी तेवढंही नाही.

"बॅटरी बसली," तो म्हणाला. "थंडीमुळे."

थंडीमुळे. मी झाकण उघडायला लावलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी बुरशी चढलेली, लोणच्याच्या बरणीवर चढते तशी. गणपतीपासून एकदाही चालू केली नाही, तिला काय देवाने आतून चार्ज करायची? आणि म्हणे थंडी. बिचाऱ्या थंडीला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकलायचं. शालनने स्वयंपाकघरातून पातेलंभर ऊन पाणी आणलं, ते हळूहळू ओतून आम्ही बुरशी धुतली. तेवढ्यात एक टॅक्सीवाला थांबला, दोन वायरी काढल्या, त्याच्या बॅटरीवरून हिच्या बॅटरीला जोडल्या. गाडी थरथरली, माळा हलल्या, आणि पुन्हा थंड. टॅक्सीवाला म्हणाला, धक्का मारा, दिवे लागतायत म्हणजे थोडा जीव आहे.

तर प्रशांतला धक्का नको. का? तर ढकलत नाक्यापर्यंत नेली आणि नाही सुरू झाली, तर गाडी रस्त्यात आणि जागा शेट्येला. त्याची सख्खी बहीण मुंडावळ्या बांधून मागे बसलीय आणि हा जागेचा हिशेब करतोय. मी म्हटलं, टॅक्सीतून चला. तर ते नाक कापल्यासारखं होतं. शालन रडकुंडीला आली, "आता खयसून (कुठून) आणूची दुसरी गाडी?" शेवटी स्नेहलच आतून ओरडली, "दादा, धक्का मार, नायतर मी उतरून मारते."

मग काय, मी, टॅक्सीवाला आणि रस्त्यावरचे दोघे-तिघे असे मागे लागलो. फेटा सुटला तो कमरेला बांधला. उताराला लागताच गाडीने गचका दिला, धूर सोडला आणि सुरू झाली. सुरू झाली ती थांबेना. थांबवली तर पुन्हा बसणार, ही प्रशांतला भीती. त्याने खिडकीतून मान काढली आणि ओरडला, "मामा, जागा धर. कोणाला तरी पाठवतो." आणि माळा उडवत गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

म्हणजे नवरी गेली आणि मामा राहिला. तोही कशाला, तर भिंतीजवळच्या रिकाम्या चौकोनात उभा राहायला. मी इथल्या गिरणीत वीस वर्षं साचे (माग) चालवले, गावात दोन वेळा देवस्थानचा मानकरी झालो, आणि इथे मला दगडाच्या ऐवजी ठेवलं. पाठवणार तरी कोणाला? सगळी चाळ लग्नाला गेलेली. फोन केला तर उचलत नाहीत, तिथे सनई चालू असणार.

एक स्टूल मधोमध ठेवून मी निघालो, तर पाठीमागे टेम्पोवाल्याने ते उचलून फुटपाथवर ठेवलं. मी परत धावलो. त्याच्याशी भांडलो. तो गेला तर स्कूटरवाला आला. तो म्हणे, आजोबा, तुमच्या नावाची पाटी आहे का? मी म्हटलं, तुझ्या बापाची आहे का? मग समोरून शेट्येची गाडी आली. काच खाली करून तो हसला. मी हाताची घडी घालून उभा. तो म्हणाला, मामा, लग्नाला नाही गेलात? तो पुढे वळायला गेला, परत येणार हे दिसत होतं.

तेव्हा मला सुचलं. समोर वाण्याचं दुकान उघडं होतं. धावत जाऊन एक नारळ, एक लिंबू, मूठभर तांदूळ आणि कुंकवाची पुडी आणली. चौकोनाच्या बरोबर मध्ये तांदळाचं रिंगण केलं, त्यात नारळ ठेवला, लिंबू कापून दोन बाजूंना, वरून कुंकू. आपल्याकडे तिठ्यावर असा उतारा (कोणाची पीडा काढून टाकलेलं सामान) दिसला की माणूस वळसा घालून जातो. आणि या भागात निम्मी माणसं कोकणातलीच. माझा देवावर विश्वास आहे, असल्या गोष्टींवर नाही. पण मुंबईचा अनुभव असा की स्टूल उचलायला कोणी घाबरत नाही, नारळाला सगळे घाबरतात. शेट्ये वळून आला, त्याला रिंगण दिसलं, आणि त्याने गाडी अशी मागे घेतली की भिंतीला लागता लागता राहिली.

मी निघालो. बसची वाट बघायला धीर नव्हता, टॅक्सीवाले दादर म्हटल्यावर मान हलवून पुढे जायचे. चालत सुटलो. लालबागचा पूल डोक्यावर, खाली गाड्याच गाड्या, सगळ्या उभ्या. या गाड्यांतल्या निम्म्या अशाच जागा राखत असतील, आणि निम्म्या जागा शोधत असतील. चालतंय ते फक्त माणूस. परळला पोहोचेपर्यंत दम लागला, कोटाच्या आत घाम, कानाला गार वारा. मुहूर्त टळून जाईल, स्नेहल मागे वळून बघेल आणि मागे दुसराच कोणीतरी असेल, हे डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

बाजूला गाडी थांबली. शेट्ये.

"बसा मामा," तो म्हणाला. "नायतरी मला जागा मिळत नाय. फिरतोच आहे, तर दादरपर्यंत फिरतो."

बसू की नको, असं झालं. प्रशांतचा दुश्मन. पण भाची माझी. बसलो. गाडी हिंदमातेला आली. मग त्याने हळूच विचारलं, "तो उतारा कोणी टाकला असेल? माझ्यासाठीच असणार."

माणूस खरंच घाबरला होता. त्याची आई आजारी असते, हे मला शालनने सांगितलं होतं. खोटं बोलून चाललं असतं, पण ज्याच्या गाडीत बसलो त्याला घाबरवून सोडणं मला जमेना. मी म्हटलं, "मी टाकला. तुझ्यासाठी नाय, जागेसाठी. वाण्याकडचा ताजा नारळ आहे."

तो एवढा हसला की सिग्नलला मागचे हॉर्न वाजवायला लागले.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा भटजी दारात उभे, मुलाकडची माणसं घड्याळं बघतायत. आतल्या खोलीत स्नेहल पाटावर बसलेली, आणि शालन, प्रशांत, चार बायका तिला उठवतायत. मुलाचे काका म्हणत होते, मामा काय, कोणीही आणेल मांडवात, मुहूर्त महत्त्वाचा.

"मामा आल्याशिवाय मी उठणार नाय," स्नेहल म्हणाली. "मुहूर्त गेला तर दुसरा काढा."

मी दारातून म्हटलं, चल ऊठ. ती उठली. गाडीत पुन्हा डोक्याला गुंडाळलेल्या माझ्या फेट्याचं टोक लोंबत होतं ते तिनेच खोचलं. मी तिचा हात धरून तिला मांडवात आणलं आणि शेवटच्या अक्षतेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिलो. तिथे मी रडलो नाही. काकांनी नंतर विचारलं, उशीर का झाला. मी म्हटलं, हे तुम्ही आमच्या प्रशांतला विचारा.

संध्याकाळी परत आलो. पुन्हा धक्का मारूनच गाडी आणली होती. भिंतीजवळ बघतो तर शेट्येची गाडी ऐटीत उभी. शेट्ये पायरीवर बसून खोबरं खात होता. त्याने एक तुकडा माझ्यापुढे केला. मी घेतला.

प्रशांत माझ्यावर असा भडकला की काय सांगू. एक जागा सांभाळता आली नाही, म्हणाला. आणि त्या शेट्येला गुपित सांगून बसलास. भर चाळीत. तेव्हा मीही सोडलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचा मामा त्या चौकोनात उभा होता आणि मुहूर्त येईपर्यंत तुला मी आठवलोसुद्धा नाही. जागा गेली ते मात्र लगेच कळलं." शालन म्हणाली, दादा, पुरे.

गाडी लावायला जागाच उरली नाही. दोन दिवस कुठे कुठे लावून, एकदा उचलून नेणाऱ्या गाडीने उचलून नेल्यावर, प्रशांत कंटाळला. मग नवी बॅटरी टाकून तो मला तिच्यातूनच गावी घेऊन आला आणि ती माझ्या खळ्यात (अंगणात) ठेवून बसने परत गेला. वाटेत घाटात तिने एकदाही तक्रार केली नाही. चालवल्यावर चांगली चालते ती.

आता तुम्ही सगळे येता-जाता तिला बघता, म्हणून हे लिहिलं. कालच प्रशांतचा फोन होता. कुरकुर चालली होती की गाडी नाही, सगळीकडे पायपीट करावी लागते, रविवारी स्नेहलच्या सासरी परळलासुद्धा चालत गेलो. मी विचारलं, लग्नानंतर पहिल्यांदा गेलास? हो म्हणाला. दुपारी जेवलो, संध्याकाळपर्यंत बसलो. गाडी असती तर? तो म्हणाला, गाडी असती तर काढलीच नसती.

मी म्हटलं, मग ती इथेच राहू दे. आणि फोन ठेवला.