नुसतं उन्हात बसणं

मंडळी, आज चिडूनच लिहितेय. आयबीएसमुळे माझं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं, त्यात आता ड जीवनसत्त्वही फार कमी निघालं. एकामुळे दुसरं झालं का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. त्यांनी गोळ्या दिल्या आणि रोज थोडा वेळ उन्हात बसायला सांगितलं.

आज गच्चीवर बसले, तर सासूबाई खालून ओरडल्या, "उन्हात कामून बसायलीस? पोटात आधीच उष्णता हाय तुज्या!"

"डॉक्टरनी सांगितलंय, आत्या."

"मग नुसती कामून बसायलीस? डाळ तरी निवडत बस की!"

डाळ निवडताना उष्णता वाढत नाही का, हे विचारायचं सोडून मी खाली उतरून डाळीचं सूप घेऊन पुन्हा वर गेले. तेव्हापासून स्वतःवरच जास्त चिडलेय.

तुमच्या घरी बाईला औषध म्हणून तरी नुसतं बसता येतं का?