मोठ्या आईची देवी आणि माझी प्रॅक्टिकलची वही

मी मानसशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी एखादी पोरगी हात वर करून विचारतेच, "मॅडम, यातला खरा संप्रदाय कोणता?" रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, मनोविश्लेषण, समष्टिवाद, मानवतावाद. पुस्तकात प्रत्येकाला एकेक प्रकरण आणि शेवटी गुण-मर्यादा. मी सांगते, परीक्षेत विचारलं ते लिही बाई, पण माझं म्हणशील तर मी एकाचाही गंडा बांधलेला नाही आणि बांधणारही नाही. वरिष्ठांना हे रुचत नाही. न रुचो! अशाच एका प्रकरणाच्या जोरावर मी एकदा आमच्या घरातल्या बाईचं तोंड बंद केलं होतं. तेव्हापासून छातीठोकपणे माणसाचं मन सांगणाऱ्यांचा मला राग येतो, आणि त्यात पहिला नंबर माझाच लागतो.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आसेगावहून रोज एसटीनं मंगरूळपीरच्या कॉलेजात जायची. घर एकत्र होतं. आईबाबा, मी, बाबांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा, मोठी आई आणि त्यांची एकुलती एक पोरगी. मोठेबाबांच्या शब्दापुढे बाबाही जात नसत. मोठी आई तर काही बोलायला लागली की वाक्य पुरं व्हायच्या आत तिकडून यायचं, "तुले काय समजते?" पेरणीचं असो की पाहुण्यांच्या जेवणाचं, उत्तर तेच.

फक्त नवरात्रात चित्र उलटं व्हायचं. मोठ्या आईच्या अंगात देवी यायची. केस सुटायचे, अंग घुमायचं, आवाज जाड व्हायचा आणि हेच मोठेबाबा हात जोडून तिच्यापुढे उभे राहायचे. "बाया उघड्यावर न्हाऊन राह्यल्या या घरात!" देवी एका वर्षी कडाडली आणि पंधरा दिवसांत दाराची न्हाणी बांधून झाली. दुसऱ्या एका वर्षी तिनं पोरीच्या शाळेसाठी सायकल मागितली, तीही आली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहत होते. पाहत होते, एवढंच. शहाणपण कुठं होतं?

प्रॅक्टिकलच्या वहीत एका व्यक्तीचा अभ्यास लिहायचा होता. मी मोठ्या आईला निवडलं. रचनावाद म्हणतो, माणसाला स्वतःच्या आत डोकवायला लावा आणि दिसेल ते सांगू द्या. मोठी आई मेथी निवडत बसली होती. मी पेन सरसावून विचारलं, "देवी येते तवा आतमदी नेमकं काय होते व?" ती म्हणाली, "डोकं जड होते. तू भाकर खाल्ली का?" मी वहीत लिहिलं, प्रयुक्ताचे सहकार्य अपुरे. प्रयुक्त म्हणजे जिचा अभ्यास करायचा ती, मोठी आई. मग वर्तनवाद. नारळ मिळतो, ओटी भरली जाते, सगळे पाया पडतात. ज्याचं बक्षीस मिळतं ते वर्तन पुन्हा होतं. पुस्तकातला घंटेचा आणि कुत्र्याचा प्रयोगही मी तिथं चिकटवून दिला. अरे बाप्पा, आता आठवलं तरी मान खाली जाते. ज्या बाईनं मला मांडीवर घेऊन भरवलं तिच्या शेजारी मी कुत्रा बसवला.

समष्टिवाद म्हणतो, तुकडे पाहू नका, अख्खं चित्र पाहा. ते प्रकरण कमी मार्कांचं होतं म्हणून मी सोडलं. मानवतावाद विचारतो, या माणसाला काय व्हायचं आहे? ते ऐच्छिक होतं, तेही गेलं. उरलं मनोविश्लेषण. दाबलेल्या इच्छा अबोध मनात दबा धरून बसतात आणि वेश बदलून बाहेर येतात. हे मी चार पानं लिहिलं. सरांनी लाल शाईनं शेरा दिला, उत्तम.

त्या उत्तमनं मला चढली. मोठेबाबांनी जेवताना सहज विचारलं, "काय लिहून राह्यली एवढं?" मी सगळं सांगितलं. "देवीबिवी काही नसते, मोठेबाबा. दाबलेल्या इच्छा असतात त्या."

"म्हंजे नाटक?"

"नाटक नाही. तिचं तिलेच मालूम नसते."

त्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. मोठी आई वरण वाढत होती. तिनं माझ्या ताटात वरण ओतलं आणि आत गेली.

त्याच वर्षी त्यांच्या पोरीची बारावी झाली होती आणि अकोल्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. दसऱ्यानंतर आठवड्याभरात हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला. आणि नेमकं तेव्हाच मानोऱ्याकडचं स्थळ आलं. त्यांची अट एकच, लग्नानंतर शिक्षण नाही. मोठेबाबांना स्थळ पसंत होतं. पोरगी न्हाणीत जाऊन रडायची.

अष्टमीला देवी आली. अंगण बायाबापड्यांनी भरलं होतं. "पोरीले शिकू दे!" देवी म्हणाली. मोठेबाबा खाटेवरून उठलेच नाहीत. "पुरे कर," ते म्हणाले. "घरात कॉलेजवाली हाये, तिनं सांगतलं मले. थे देवी नोहे, तुही दाबलेली इच्छा हाये." कोपऱ्यातले दोनचार गडी फिदीफिदी हसले.

मोठी आई घुमायची थांबली. तिनं केस गोळा केले, बुचडा बांधला आणि आत जाऊन चूल पेटवली. माझे शब्द, माझं उत्तम, सगळं त्या अंगणात उघडं पडलं होतं. पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुह्या वहीत माहं नाव हाये का कुठी? नाही ना? मंग काहून लिहिलं थे?"

दसरा गेला. हजर व्हायला दोन दिवस उरले असताना पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. पसंती झाली की तिथंच कुंकू लावून मोकळं व्हायचं, असं मोठेबाबांनी ठरवलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. मोठी आई पोहे प्लेटांत भरत होती. मी, मानसशास्त्राची हुशार विद्यार्थिनी, तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मोठी आई, आज येऊ दे ना व देवीले. पाहुन्यांसमोर. थे मानतीन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती, ते जास्त लागलं. "बलावल्यानं येत असती तं रोज नसती आनली का म्या?" ती म्हणाली. "अन् आता आली तरी तिचं कोन आयकते? सरक, पोहे थंडे होऊन राह्यले."

ताट घेऊन ती बाहेर गेली. मी दाराआड उभी. तिनं प्लेटा नीट हातात दिल्या, पदर सारखा केला आणि उभ्या उभ्या, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पोरगी परवा अकोल्याले जाते शिकाले. लगन आता होत नाही. तुमी नाश्ता करा, पन आशेवर नोका राहू."

कोणी पोह्यांना हात लावेना. मुलाच्या आईला वाटलं, देवीच बोलली; तिनं घाईघाईनं प्लेट खाली ठेवली आणि मोठ्या आईच्या पायाकडे वाकली. मोठेबाबा ताडकन उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. त्यांनी हात जोडले. अष्टमीला खाटेवरून न उठलेला हाच माणूस आता मान झुकवून उभा होता. त्यांची बायको शुद्धीवर राहून चारचौघांत असं बोलेल, हे त्यांच्या डोक्यात मावतच नव्हतं. "नारळ आना रे," ते ओरडले. "आली, आली!"

सरांना विचारलं असतं तर त्यांनी यालाही एखादं प्रकरण शोधून दिलं असतं. शोधोत बापडे. मोठ्या आईला त्या घडीला सोपी वाट होती. घुमली असती, केस सोडले असते, तर काम झालं असतं आणि पुढच्या नवरात्रापर्यंत पुन्हा तिला काय समजते!

तिनं मुलाच्या आईचे हात धरून तिला उठवलं. मग मोठेबाबांकडे वळली. "नारळ नको," ती म्हणाली. "हात खाली घ्या. माह्या अंगात कोनी नाही आलं. मी बोलून राह्यली. तुमची बायको."

मोठेबाबांचे हात लगेच खाली आले नाहीत. मग हळूहळू आले. पाहुण्यांकडे, दाराकडे, माझ्याकडे बघून झालं आणि अखेर त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मंग," ते चाचरत म्हणाले, "काय म्हननं हाये तुहं?"

मोठी आई त्यांच्याशेजारी खाटेवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.