खंडोबाच्या किड्यांचा उपास

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझे मालक पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेले होते. निघताना सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला भंडारा लावून शपथ घातली होती, की घरी येईपर्यंत मटणाला शिवायचं नाही. देव राखील, असं त्या म्हणत. पण तिकडे डब्यातल्या मटणाशिवाय फारसं काही मिळत नाही, असं सुट्टीवर आलेला एक जवान सांगून गेला, तेव्हापासून शपथेपायी मालक उपाशी तर राहत नसतील ना, हाच घोर मला लागला होता. पत्रांना उत्तर येणंही बंद झालं होतं.

त्या मार्गशीर्षात बोराच्या फांदीवरच्या वाळक्या फेसासारख्या गाठीतून खंडोबाच्या किड्याची पिल्लं बाहेर पडली. मुंगीएवढी, पण पुढचे पाय नमस्कारासारखे जोडून काय ऐटीत उभी! खंडोबा आमचं कुलदैवत. सासूबाई हरखल्या. "द्येवाचं पावणं हायती," म्हणत त्यांनी पिल्लं मडक्यात ठेवली, तोंडाला मलमल बांधली. आणि पाहुणचार काय, तर भंडारा नि खोबऱ्याचा कीस!

पिल्लं त्याकडे ढुंकून बघेनात. एका सकाळी एकानं दुसऱ्याला धरलं आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. सासूबाईंनी मडकं दूर सारलं. "भाव भावाला खातोय गं! माझ्या ल्येकाचं काय तरी वंगाळ झालं."

माझं डोकंच फिरलं. "आवं आत्याबाई, कशाचं वंगाळ? उपाशी हायती ती. पोटाला न्हाई मिळालं की कोन कुनाचा भाव?" तशीच तरातरा रानात गेले आणि मावा पडलेलं जोंधळ्याचं पान घेऊन आले.

पान आत सोडलं. पिल्लं जागच्या जागी डुलली, मान वळवून बघत राहिली. मग एकानं झडप घातली, ती आम्हाला दिसलीसुद्धा नाही. माव्याचा किडा दोन्ही पायांत धरून, आपण हुरड्याचं कणीस खातो तसं ते कुरतडू लागलं. पोट भरल्यावर पाय चाटून साफ केले. दुसरं पिल्लू अगदी जवळून गेलं, तरी त्यानं त्याला धरलं नाही.

"द्येवाचं आसून जीव खातंय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आन द्येव काय बी बोलंना त्येला."

मी मडक्याच्या तोंडाला मलमल परत बांधली.

त्या उठल्या, हातपाय धुऊन देव्हाऱ्यापुढे बसल्या. "मल्हारी, मीच शपथ घातली, मीच सोडतीया. माझ्या लेकराला मिळंल ते खाऊ दे. पाप माझ्या पदरात घाल."

मग माझ्याकडे वळल्या. "पर ल्येकाला ह्ये कळायचं कसं गं?"